घरचें भांडार परगांवीं कसें उघडावें?

आजोबांच्या आवाजाच्या कॅसेटी, मुलांच्या बारशापासूनचीं चित्रणें, आवडते बोलपट, हें सारें एका संगणकावर सांठवून घरांतल्या कोणत्याहि पडद्यावर पाहण्याची सोय आतां पुष्कळ घरांतून झाली आहे. अशा संगणकास सर्व्हर म्हणतात. जेलीफिन किंवा प्लेक्स या प्रणाली त्याचा कारभार बिनबोभाट पाहतात. अडचण येते ती उंबरठा ओलांडल्यावर. नागपुरास गेलेल्या मुलीला पुण्याच्या घरची कॅसेट ऐकावयाची झाली तर काय करावें, एवढाच आजचा विषय.

घराच्या देवडीवर बसलेला पहारेकरी म्हणजे राउटर. आंतून कोणीं पत्र धाडलें तर त्याची तो नोंद ठेवतो आणि त्याचें उत्तर तेवढें आंत सोडतो. न बोलावतां आलेल्यास दारांतूनच परत लावतो. नागपुराहून येणारी मुलीच्या फोनची हांक ही त्याच्या लेखीं अशीच अनाहूत. यावर जुना उपाय असा कीं, अमुक क्रमांकाच्या दिंडीवर जो येईल त्यास थेट सर्व्हरकडे न्यावें, असें पहारेकऱ्यास सांगून ठेवावयाचें. यास पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. जेलीफिनची दिंडी सामान्यतः ८०९६, प्लेक्सची ३२४००.

हा उपाय पांच मिनिटांत होतो, आणि म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. मुलीसाठीं उघडलेली दिंडी साऱ्या जगास उघडी असते, आणि पत्त्यामागून पत्ता घेऊन अहोरात्र कड्या वाजवीत फिरणारीं यंत्रें जगांत थोडीं नाहींत. प्रणालींत एखादा दोष राहिला असल्यास चोर त्यावाटे शिरतो, आणि मग बँकेचे कागदहि त्याच्या आवांक्यांत येतात. पासवर्ड सांभाळणाऱ्या लास्टपास कंपनीच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकांत २०२२ सालीं चोर शिरले, ते प्लेक्समधील एका दोषाच्या आधारें. प्लेक्सनें तो दोष २०२० सालींच दुरुस्त केला होता. त्या संगणकावर मात्र जुनीच आवृत्ति चालू होती.

शिवाय कित्येक घरीं हा उपाय चालतच नाहीं. जुन्या पद्धतीचे इंटरनेटचे पत्ते सुमारें ४२९ कोटि. ते केव्हांच अपुरे पडले. म्हणून कित्येक कंपन्या अनेक बिऱ्हाडांस मिळून एकच पत्ता देतात. आपली खोली उघडी टाकली तरी चाळीचा मोठा दरवाजा आपल्या हातीं नसतो, तशी ही गत. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकीं आंकड्यांनीं सुरू होत असेल, तर आपण चाळींतच राहतों असें समजावें.

अशा वेळीं भुयार बरें. वायरगार्ड ही पद्धति २०२० सालीं लिनक्सच्या गाभ्यांत आली. तींत प्रत्येक यंत्रास किल्ल्यांची जोडी असते. एक गुप्त, एक दुसऱ्यास देण्याची. ज्याची किल्ली नोंदलेली नाहीं त्यास भुयार नकारहि देत नाहीं, गप्प राहतें. तेथें दार आहे हेंच त्यास कळत नाहीं.

चाळकऱ्यांसाठीं टेलस्केल ही सेवा याच वायरगार्डवर उभारलेली आहे, आणि तिची युक्ति मोठी मजेची आहे. सर्व्हर आणि फोन मध्यस्थाकडून एकमेकांचा पत्ता घेतात व एकाच सुमारास एकमेकांस पत्रें धाडतात. दोन्ही पहारेकऱ्यांस वाटतें, हें तर आपल्याच माणसाच्या पत्राचें उत्तर. दोघेहि वाट देतात! हें न साधल्यास मजकूर मध्यस्थाच्या यंत्रावरून जातो. वेग उतरतो, पण मजकूर कुलूपबंद असल्यामुळें मध्यस्थास तो वाचतां येत नाहीं.

कृति थोडकी आहे. हें साधन सर्व्हरवर व फोनवर बसवून दोन्ही यंत्रें एकाच जाळ्यांत नोंदवावीं, आणि फोनवरील जेलीफिनला टेलस्केलनें दिलेला पत्ता व ८०९६ हा क्रमांक द्यावा. राउटरला हात लावावा लागत नाहीं. मात्र आतां सारी मदार टेलस्केलच्या खात्यावर आहे, तेव्हां त्यास दुहेरी पडताळणी अवश्य लावावी. चित्र अडखळूं लागल्यास दोष बहुधा घरांतून बाहेर जाणाऱ्या वेगाचा असतो. चित्राची प्रत थोडी उतरवावी. आणि मुलगी गाडींत बसण्यापूर्वींच तिच्या फोनचें वायफाय बंद करून मोबाइलच्या जाळ्यावरून एक कॅसेट लावून पाहावी.