लोणकढं तूप

आठवडाभराची साय थेट कढईत ओतून कढवली, तरी तूप निघतं. पण बेरी फार उरते आणि विरजलेल्या सायीच्या तुपाचा खमंगपणा त्याला येत नाही. आयुर्वेदाच्या परंपरेतलं तूप दह्याच्या वाटेनं येतं. सायीला विरजण लावायचं, घुसळून लोणी काढायचं, ते दोन-तीन पाण्यांनी धुवायचं आणि जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचं.

लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेलं बहुतेक पाणी. आधी फेस, मग तडतड. ती पाणी उडत असल्याची खूण. आवाज मंदावला की तिथून हलायचं नाही, फोन वाजला तरी! बेरी बदामी होऊन तळ स्वच्छ दिसू लागला की गॅस बंद. जरा उशीर झाला तर बेरी काळवंडते आणि तूप करपट लागतं. कुणी शेवटी विड्याचं पान टाकतात. गाळलेलं तूप सावकाश निवू दिलं, तर रवा छान धरतो.

चरकसंहितेत तुपाचा एक खास गुण सांगितला आहे: ज्या द्रव्यांनी ते सिद्ध करावं, त्यांचे गुण ते घेतं, पण स्वतःचे सोडत नाही. ब्राह्मीघृत, त्रिफळाघृत यांच्यामागे हाच विचार. शतधौत घृत म्हणजे पाण्यानं १०० वेळा धुतलेलं तूप. ते त्वचेवर लावायचं, खायचं नाही. औषधी तुपं वैद्याला विचारूनच घ्यावीत. बेरीत मात्र पिठीसाखर मिसळून खायला कुणाला विचारावं लागत नाही.