मूलपेशी आणि हृदय: परळच्या प्रयोगशाळेपासून रुग्णापर्यंत

मूलपेशी (स्टेम सेल): स्वतःसारख्या पेशी बनवणारी आणि वेगळ्या प्रकारच्या पेशीत रूपांतर होऊ शकणारी पेशी. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूपेशींच्या जागी व्रण उरतो. तरुणपणीही हृदयाच्या स्नायूपेशी वर्षाला जेमतेम १ टक्का नव्या होतात, म्हणून संशोधकांची नजर मूलपेशींकडे वळली.

महाराष्ट्रातले काम: मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने मानवी भ्रूणापासून ‘किंड-१’ आणि ‘किंड-२’ या पेशीमालिका तयार केल्या. टेस्ट ट्यूब बेबीच्या कामामुळे परिचित असलेल्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांचाही त्यात सहभाग होता. पुढे ‘किंड-२’पासून हृदय व रक्तवाहिन्यांच्या पूर्वपेशी मिळवल्या. हे काम प्रयोगशाळेतले. रुग्णावरचा उपचार नव्हे.

टप्पे
• १९९८: मानवी भ्रूण मूलपेशी प्रथम वेगळ्या केल्या.
• २००६: शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींना मूलपेशींसारखे बनवले, २०१२मध्ये जॉन गर्डन यांच्यासह नोबेल.
• २०१८: प्रौढ हृदयात मूलपेशी असल्याचा दावा करणाऱ्या पिएरो अँव्हर्सा यांचे ३१ शोधनिबंध मागे घेण्याची हार्वर्डची शिफारस. या क्षेत्राला बसलेला हा मोठा धक्का.

भारतातला नियम: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसाठीचे रक्त-मूलपेशी प्रत्यारोपण मान्य, हृदयासाठीचा वापर फक्त परवानगी मिळालेल्या चाचणीतच.

ताडकळस, पूर्णा किंवा परभणीहून मोठ्या शहरात उपचारांना जाणाऱ्यांना कुणी हृदयासाठी ‘स्टेम सेल’ सुचवले, तर आधी चाचणीचा सीटीआरआय (भारतातील वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागावा.