नाव कोपलंडचं, चाल बिल स्टेपची

येत्या शनिवारी, ४ जुलैला, अमेरिका अडीचशे वर्षांची होईल. आतषबाजी, संचलनं आणि भाषणं यांत मला फारसा रस नाही. पण त्या दिवशी तिथल्या मैफलींत एक धून ठिकठिकाणी वाजणार, यावर पैज लावायला मी तयार आहे. ती म्हणजे संगीतकार आरॉन कोपलंडच्या ‘रोडिओ’ या बॅलेतली ‘होडाउन’. नाव ओळखीचं नसेल, पण कानांना ती बहुधा ओळखीची वाटेल. १९७२ मध्ये इमर्सन, लेक अँड पामर या ब्रिटिश रॉक त्रिकुटाने ती जोरात दामटली. १९९२ पासून अमेरिकी टीव्हीवर बीफच्या जाहिरातींत अभिनेता रॉबर्ट मिचमच्या भारदस्त आवाजासोबत ती घरोघरी पोचली. घोडे, धूळ, काउबॉय असं सगळं डोळ्यांपुढे उभं करणारी धून.

गंमत म्हणजे काउबॉयशी तिचा काडीचाही संबंध नाही. ती केंटकीच्या डोंगरांतली आहे आणि तिच्या नावात चक्क नेपोलियन आहे: ‘बोनापार्ट्स रिट्रीट’, बोनापार्टची माघार. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या फिडल (म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) वाजवणाऱ्यांची ही जुनी, आवडती चीज. जॉर्जियाच्या ए. ए. ग्रे याने ती १९२४ मध्येच ओके कंपनीसाठी वाजवली होती. १९२९ मध्ये गिड टॅनरच्या ‘स्किलेट लिकर्स’ या धमाल मंडळींची कोलंबियाची तबकडीही निघाली. पण बहुतेक वादकांच्या हातात ती फौजेच्या चालीची, रेंगाळणारी धून होती. तशी ऐकलीत तर ‘होडाउन’ची आठवणही येणार नाही.

मग ती धावायला कधी लागली? २६ ऑक्टोबर १९३७ रोजी बावीस वर्षांचा अ‍ॅलन लोमॅक्स आणि त्याची पत्नी एलिझाबेथ लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ध्वनिमुद्रण करत केंटकीतल्या सॅलिअर्सविल गावात होते. तिथे साठी ओलांडलेला विल्यम हॅमिल्टन स्टेप, म्हणजे बिल स्टेप, फिडल घेऊन त्यांच्या यंत्रापुढे बसला. फिडलच्या तारा एरवी जी-डी-ए-ई अशा लावतात. या धुनेसाठी सगळ्यांत खालची जी उतरवून डी करायची आणि सगळ्यांत वरची ई उतरवूनही डीच करायची. चारांतल्या तीन तारा डीच्या, त्यामुळे तानपुऱ्यासारखा भरीव षड्ज सतत घुमत राहतो. हे लावणं जुनंच. स्टेपने स्वतःचं म्हणून काय केलं, तर कूच करणारी धून नाचाच्या लयीत सोडून दिली. गज तारांवर असा पळतो की माघार कुठली, हल्लाच वाटावा.

या गोष्टीची नायिका मात्र माझ्या मते रूथ क्रॉफर्ड सीगर. ती स्वतः कडक आधुनिक वळणाची संगीतकार. संगीतरचनेसाठी गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवणारी पहिली स्त्री, १९३० साली. लोकगायक पीट सीगरची ही सावत्र आई. लोमॅक्स पितापुत्रांच्या ‘अवर सिंगिंग कंट्री’ या १९४१ च्या पुस्तकासाठी तिने तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकून स्वरलेखन केलं; त्यांत स्टेपची ही तबकडीही होती. एखाद्याने ठोकळेबाज चाल उतरवून काम उरकलं असतं. हिला वादकाची प्रत्येक हरकत जशीच्या तशी कागदावर हवी होती. संगीताविषयीची तिची प्रस्तावना तर इतकी वाढली की त्या पुस्तकात ती पूर्ण मावलीच नाही. ती स्वतंत्र पुस्तक म्हणून निघाली २००१ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर जवळपास अर्धशतकाने.

ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या, पॅरिसमध्ये शिकलेल्या कोपलंडने हेच पुस्तक उघडलं. नृत्यदिग्दर्शिका अ‍ॅग्नेस द मिल हिला काउबॉयचं बॅले करायचं होतं आणि संगीत त्याच्याकडून हवं होतं. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमध्ये पहिला प्रयोग झाला. टाळ्या थांबेनात, बावीस वेळा पडद्यापुढे यावं लागलं, असं सांगतात. ‘होडाउन’चा मुख्य भाग रूथच्या स्वरलिपीतून जवळपास सुराला सूर उचललेला आहे. म्हणजे कोपलंडने घेतली ती कुणा अनामिक ‘लोकां’ची धून नव्हती. एका माणसाने एका दिवशी जशी वाजवली, तशी ती घेतली.

कोपलंडचं कसब नाकारायचं नाही. सुरुवातीला व्हायोलिनवाले तारा जुळवताहेत असा भास निर्माण करणं, मग पितळी वाद्यं आणि झायलोफोन मोकाट सोडणं, हे त्याचंच. पण ज्या लयीवर सगळं उभं आहे, ती स्टेपची. ‘पारंपरिक’ असा शिक्का मारला की वाजवणारा आपोआप पुसला जातो, आणि हे शहरातल्या शिकल्यासवरल्या माणसांना फार सोयीचं पडतं. माझा आक्षेप आहे तो यालाच.

संथ ‘रिट्रीट’नेही पैसा मिळवला, तो वेगळ्याच वाटेने. पी वी किंगने तिला शब्द जोडले, १९५० मध्ये के स्टारने ते गाणं गाजवलं आणि १९७४ मध्ये ग्लेन कॅम्पबेलने पुन्हा. त्यात नेपोलियन नावापुरता, बाकी मामला प्रेमाचा.

स्टेप १९५७ मध्ये गेला. २०१६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपण्यायोग्य ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत ही तबकडी घेतली, स्टेपच्या नावाने. आता शनिवारच्या मैफलींच्या कार्यक्रमपत्रिकांत ‘होडाउन’खाली त्याच्या आणि रूथच्या नावाची एखादी ओळ वाढवायला कितीशी शाई लागणार आहे?