जिभेच्या कडेनं निघणारं नाव

लोकमान्यांचं आडनाव इंग्रजीत लिहिलं की त्यातला ‘ळ’ गळून पडतो आणि टिळकांचे ‘टिलक’ होतात. मूळ आणि मूल, वेळ आणि वेल, काळा आणि काला या जोड्यांतला फरक मराठी कानाला शिकवावा लागत नाही. परक्याला मात्र तो कितीही समजावून सांगितला तरी जिभेवर यायला वेळ लागतो. वेल्श भाषेचंही असंच एक अक्षर आहे. इंग्रजी लिपीतला ‘एल’ दोनदा जोडून ते लिहितात. वेल्श वर्णमालेत ती जोडी मिळून एकच अक्षर धरली जाते, आणि त्याचा उच्चार ‘ल’ नाही, ‘ल्ल’ही नाही.

तो करून बघण्यासारखा आहे. ‘ल’ म्हणताना जीभ जिथे टेकते तिथेच टेकवायची, गळ्यातून आवाज काढायचा नाही, आणि जिभेच्या कडांवरून फक्त हवा फुंकायची. ‘ह’, ‘श’ आणि ‘ल’ यांच्या मधलं काहीतरी ऐकू येतं. देवनागरीत त्याला अक्षर नाही. ‘ह्ल’ लिहिलं तर थोडं जवळ जाता येतं.

या अक्षराच्या आसऱ्यानं वेल्समध्ये मुलीचं एक जुनं नाव टिकून आहे. इथे सोयीसाठी ‘ग्वेनल्लियन’ असं लिहू. वाचताना मधल्या ‘ल्लि’वर जोर द्यावा आणि तिथेच हवा फुंकावी.

वेल्सबाहेर हे नाव क्वचितच ऐकू येतं. त्याचं मोठं कारण अर्थातच हे अक्षर. इंग्रजी कानांनी त्याचं काय केलं, याचे पुरावे आपल्या ओळखीच्या नावांत सापडतात. वेल्शमध्ये ‘ल्लुइड’ म्हणजे करडा. त्या शब्दापासून आडनाव झालं, आणि इंग्रजांनी त्याचं कधी ‘लॉइड’ केलं तर कधी ‘फ्लॉइड’. ज्यांना त्या अक्षरातली हवा ऐकू आली त्यांनी ती ‘फ’नं पकडायचा प्रयत्न केला, ज्यांना ऐकू आली नाही त्यांनी ‘ल’वर भागवलं. 1975च्या जानेवारीत वानखेडे स्टेडियमवरच्या पहिल्याच कसोटीत नाबाद 242 धावा करणारा क्लाइव्ह लॉइड आणि पिंक फ्लॉइड हा बँड, दोन्ही नावांचं मूळ त्याच करड्या वेल्श शब्दात आहे. शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ नाटकातला वेल्श कप्तान फ्लुएलेन हाही मुळातला ‘ल्लेवेलिन’च.

ग्वेनल्लियनचा पूर्वार्ध सोपा. ‘ग्वेन’ म्हणजे पांढरी, गोरी. आणि त्याच शब्दात पवित्र, धन्य ही छटाही आहे. आयरिश भाषेतला ‘फिओन’ हा याचाच भाऊ. उत्तरार्धाबद्दल अभ्यासकांत दोन मतं आहेत. एक मत ‘ल्लियाइन’, म्हणजे लिननचं कापड, याकडे बोट दाखवतं. दुसरं ‘ल्लियांट’, म्हणजे प्रवाह किंवा पूर, याकडे. पहिलं मत अधिक प्रचलित आहे, आणि अधिक सुंदरही. लिनन निघतं जवसाच्या खोडापासून. आपल्याकडे जवस म्हटलं की चटणी आठवते. पण तेच रोप पाण्यात कुजवून, झोडपून, विंचरलं की फिकट सोनेरी धाग्यांची बट हाती येते. युरोपात लहान मुलींच्या पिंगट केसांना याच धाग्याची उपमा देतात. नाव ठेवणाऱ्या आईबापांच्या डोळ्यांसमोर पाळण्यातल्या मुलीचं जावळ असावं, असं मानायला मन सहज तयार होतं.

पण वेल्समध्ये हे नाव उच्चारलं की जवस कोणाला आठवत नाही. आठवतात त्या दोन स्त्रिया.

पहिली बाराव्या शतकातली. उत्तर वेल्समधल्या ग्विनेदचा राजा ग्रिफिद आप कनान याची ती मुलगी, म्हणून ग्वेनल्लियन फेर्ख ग्रिफिद. ‘आप’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘फेर्ख’ म्हणजे अमक्याची मुलगी. नावापुढे वडिलांचं नाव लावायची ही रीत मराठी माणसाला वेगळी समजावून सांगायला नको. दक्षिणेकडच्या देहेउबार्थच्या ग्रिफिद आप ऱ्हिस याच्याशी तिचं लग्न झालं. इंग्लंडवर राज्य करणाऱ्या नॉर्मनांनी त्या राज्याचा बहुतेक मुलूख गिळला होता. डिसेंबर 1135मध्ये इंग्लंडचा राजा पहिला हेन्री वारला, गादीसाठी भांडणं लागली, आणि वेल्श सरदारांना संधी दिसली. 1136 साली नवरा तिच्या माहेरी कुमक मागायला उत्तरेला गेलेला असताना नॉर्मन फौजेच्या हालचालीची खबर आली. ग्वेनल्लियननं हाताशी होती ती माणसं गोळा केली आणि किडवेलीच्या किल्ल्याकडे कूच केलं. बरोबर तिचे दोन मुलगेही होते. लढाईत वेल्श सैन्य हरलं. एक मुलगा मारला गेला, दुसरा कैद झाला, आणि तीही मारली गेली. तिचा रणातच शिरच्छेद झाला, असं परंपरेनं सांगितलं जातं. त्याच शतकातला लेखक जेराल्ड ऑफ वेल्स यानं तिला ग्रीक कथांमधल्या लढवय्या ॲमेझॉन राणीची उपमा दिली. किडवेलीजवळच्या त्या मैदानाला आजही ‘माइस ग्वेनल्लियन’ म्हणतात: ग्वेनल्लियनचं शेत.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिचा नवरा आणि तिचे भाऊ यांनी क्रिग माउर इथे नॉर्मनांचा मोठा पराभव केला. तिचा धाकटा मुलगा ऱ्हिस तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. तोच पुढे ‘लॉर्ड ऱ्हिस’ म्हणून दक्षिण वेल्सचा सर्वांत बलवान राजा झाला. 1176च्या नाताळात त्यानं कार्डिगनच्या किल्ल्यात कवी आणि वादकांची स्पर्धा भरवली आणि विजेत्यांना मानाची खुर्ची दिली. वेल्श लोक आजही दरवर्षी भरवतात त्या ‘आइस्टेथवॉद’ या साहित्य-संगीत संमेलनाची सुरुवात याच मेळ्यापासून मानली जाते. ऱ्हिसच्या एका मुलीचं नावही ग्वेनल्लियन होतं. तिचं लग्न एदनेवेद व्हिखान या मुत्सद्द्याशी झालं, आणि त्या घराण्याची एक शाखा पुढे ट्यूडर म्हणून इंग्लंडच्या सिंहासनावर बसली.

दुसरी ग्वेनल्लियन लढली नाही. तिला कोणी लढू दिलं नाही, बोलूही दिलं नाही. तिच्याबद्दल सावकाश सांगायला हवं.

1282च्या जूनमध्ये, उत्तर किनाऱ्यावरच्या अबेरग्विनग्रेगिन या गावी तिचा जन्म झाला. वडील ल्लेवेलिन आप ग्रिफिद, स्वतंत्र वेल्सचे शेवटचे प्रिन्स. आई एलिनॉर द माँटफर्ट, इंग्लंडच्या जॉन राजाची नात. बाळंतपणातच आई गेली. त्याच वर्षी 11 डिसेंबरला किलमेरीजवळ वडील इंग्रज सैन्याकडून मारले गेले. काका डाविद यानं लढा चालू ठेवला. 1283च्या जूनमध्ये तो पकडला गेला आणि ऑक्टोबरात श्रूजबरीला त्याचे हालहाल करून त्याला मारण्यात आलं. उरली ती दीड वर्षांची मुलगी, आणि डाविदची मुलं.

राजा पहिला एडवर्ड हा त्या मुलीच्या आईचा सख्खा मामेभाऊ. या पोरीचं लग्न झालं तर तिच्या मुलांना वेल्सवर हक्क सांगता येईल, हे त्यानं ओळखलं होतं. डाविदच्या मुलग्यांना ब्रिस्टलच्या किल्ल्यात कोंडलं गेलं. त्यातल्या ओवेनला पुढे रात्री लोखंडानं मढवलेल्या लाकडी पिंजऱ्यात ठेवायचा हुकूम निघाला. ग्वेनल्लियनला पाठवलं पार दुसऱ्या टोकाला, पूर्व इंग्लंडच्या सपाट लिंकनशायरमधल्या सेम्प्रिंगहॅमच्या मठात. संत गिल्बर्टनं इथेच स्थापन केलेल्या पंथाचा हा मूळ मठ. इथल्या जोगिणी बाहेरच्या जगापासून तोडलेल्या असत. मठाला लिहिलेल्या पत्रात राजानं तिच्या वयाची आणि निष्पापपणाची दया आल्याचं म्हटलं होतं. तिचा वंश वाढू नये, एवढा या दयेचा अर्थ होता.

आयुष्यातली पुढची सारी वर्षं तिनं तिथे काढली. पुढे तिसऱ्या एडवर्डच्या काळात तिच्या अन्नवस्त्रासाठी वर्षाला 20 पौंड मंजूर झाल्याची नोंद आहे. 7 जून 1337 रोजी, पंचावन्न वर्षं पूर्ण व्हायला काही दिवस उरले असताना, ती तिथेच वारली.

त्या काळातल्या कागदांत तिचं नाव कसं आलं आहे? ‘वेन्सिलियन’. ‘वेंटलियान’. सुरुवातीचा ‘ग’ गेला, आणि मधल्या अक्षराच्या जागी कधी ‘स’, कधी ‘टल’. अज्ञानी कारकुनांच्या चुका म्हणून त्या सोडून देता येत नाहीत. तान्ही असताना वेल्समधून नेलेल्या मुलीशी तिच्या भाषेत बोलायला मठात कोण होतं? स्वतःच्या नावातलं ते अक्षर तिनं बरोबर उच्चारलेलं कधी ऐकलं तरी असेल का? राज्य, आईबाप, लग्न, मुलं सगळं काढून घेतल्यावर माणसाजवळ नाव उरतं. तिच्याजवळ तेही धड उरलं नाही.

1301 साली एडवर्डनं आपल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ केलं. तो किताब आजही ब्रिटिश राजघराण्याकडेच आहे.

वेल्समध्ये मात्र मुलींना हे नाव ठेवलं जातच राहिलं. पंधराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या ओवेन ग्लिनदूरच्या एका मुलीचं नावही हेच होतं. मग 1536च्या कायद्यानं वेल्सच्या कोर्टकचेऱ्यांत इंग्रजी सक्तीची झाली. ‘आप ऱ्हिस’चे प्राइस झाले, ‘आप हवेल’चे पॉवेल, ‘आप हॅरी’चे पॅरी. त्या लाटेत घरोघरी मेरी आणि एलिझाबेथ वाढल्या, तरी जुनी नावं पुरती बुडाली नाहीत. विसाव्या शतकात वेल्श शाळा, वेल्श रेडिओ, वेल्श टीव्ही आले तशी ती पुन्हा वर आली.

ग्वेनल्लियनच्या एका बहिणीनं जग पाहिलं. आर्थर राजाच्या राणीचं वेल्श नाव ग्वेनह्विवार. कॉर्नवॉलमध्ये त्याचं झालं जेनिफर. बर्नार्ड शॉनं 1906च्या ‘द डॉक्टर्स डिलेमा’ या नाटकात कॉर्नवॉलच्या नायिकेला हे नाव दिलं आणि ते पसरलं. अमेरिकेत 1970 ते 1984 अशी सलग पंधरा वर्षं नवजात मुलींच्या नावांत ते पहिलं होतं. वसईत, वांद्र्याला, गोव्यात जेनिफर नावाची मुलगी कोणाला नवी नाही. पृथ्वी थिएटरच्या जेनिफर केंडल मुंबईकरांच्या आठवणीत आहेतच. या प्रत्येकीच्या नावात तोच ‘ग्वेन’, तोच पांढरा रंग दडलेला आहे. इंग्रजी जिभेला सोपं करून घेतलं म्हणून हे नाव जगभर गेलं. ग्वेनल्लियन तसं सोपं होत नाही. मधलं अक्षर काढलं तर नावच राहत नाही.

2021च्या जनगणनेनुसार वेल्समध्ये वेल्श बोलणारे 17.8 टक्के, म्हणजे साधारण 5 लाख 38 हजार. हे नाव बहुतांशी या घरांतलं. इंग्लंड आणि वेल्सच्या बाळांच्या एकत्रित यादीत अशी नावं तळाशी जातात आणि दुर्मीळ दिसतात, कारण मोजणी इंग्लंडमधल्या लाखो बाळांबरोबर होते. वेल्सच्या महिला रग्बी संघात आघाडीच्या फळीत खेळणाऱ्या ग्वेनल्लियन पिर्सचं नाव पुकारताना समालोचकांना मात्र ती हवा फुंकावीच लागते.

1996 साली स्थापन झालेल्या प्रिन्सेस ग्वेनल्लियन सोसायटीनं त्या बंदिवान राजकन्येसाठी चिकाटीनं काम केलं. अबेरग्विनग्रेगिनच्या मागे कार्नेदाइची डोंगररांग आहे. तिथे कार्नेद ल्लेवेलिन आणि कार्नेद डाविद ही शिखरं पूर्वीपासून आहेत; लोक ती तिच्या वडिलांच्या आणि काकांच्या नावाची मानतात. 2009च्या सप्टेंबरात जवळच्याच 926 मीटरच्या शिखराला ‘कार्नेद ग्वेनल्लियन’ हे नाव मिळालं. सरकारी नकाशावर जुन्या नावाशेजारी आता हेही छापलं जातं.

सेम्प्रिंगहॅमला मठाची इमारत उरलेली नाही. 1538मध्ये तो मोडला गेला. शेतात एकटं चर्च उभं आहे, आणि त्याच्या वाटेवर एक स्मारकशिळा. तिच्यावर जन्मगाव आहे, मृत्यूची तारीख आहे, 54 वर्षांचा बंदिवास आहे. नाव वेल्श पद्धतीनं कोरलं आहे, दोन्ही ‘एल’ शेजारी शेजारी.