परक्या सरकारांचें साह्य आणि आपली नवी कंपनी

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या वाशीम जिल्ह्यांत अनेक शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत. सभासदांनीं भाग घ्यावे, सोयाबीन, तूर व हरभरा एकत्र करावा, त्यांची चाळणी व प्रतवारी करून माल मोठ्या खरेदीदारास थेट विकावा, हा त्यांचा हेतु. ह्या कंपन्यांस मिळणाऱ्या अनुदानांत बराचसा पैसा परदेशांतून येतो. अशा पैशावर नवी संस्था उभी राहील काय, हा प्रश्न भाग भरण्यापूर्वीं प्रत्येक खातेदारानें स्वतःस विचारावा.

प्रथम पैशाचें मूळ पाहूं. जागतिक बँकेंत अनेक राष्ट्रांच्या सरकारांचें भांडवल आहे. तिनें २०१८ सालीं पोकरा प्रकल्पास ४२ कोटी डॉलर व २०१९ सालीं स्मार्ट प्रकल्पास २१ कोटी डॉलर मंजूर केले. पोकराच्या पहिल्या १५ जिल्ह्यांत वाशीम होता. त्याआधीं, २००९ सालीं मंजूर झालेला केम प्रकल्प संयुक्त राष्ट्रांच्या कृषिविकास निधीच्या कर्जावर विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत चालला. त्यांतही आपला जिल्हा होता. हे पैसे दान नव्हेत, कर्ज आहेत. कंपनीस ते अनुदान म्हणून मिळतात, परंतु सरकारास फेडावे लागतात. म्हणजे अखेर भार रयतेवरच.

परकी हात आपल्या मुलुखांत नवा नाहीं. कारंजा येथें १८८६ सालीं कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशांतील असा हा पहिला बाजार, असें मानितात. वऱ्हाड तेव्हां हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटच्या कारभाराखालीं होता. मँचेस्टरच्या गिरण्यांस शुद्ध कापूस रास्त दरानें मिळावा, हा त्यामागील उद्देश. पुढें १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. ह्या व्यवस्थेनें उघड्या व्यवहाराची चाल पडली, हा लाभ खराच. परंतु बाजाराच्या कारभारांत व्यापाऱ्यांचा वरचष्मा राहिला. ज्याच्या गरजेसाठीं संस्था निघते, त्याचेंच हित ती आधीं पाहते, हा कारंज्याचा धडा होय.

ह्याच्या उलट उदाहरण गुजराथेंतील आणंदचें. तेथील खेडा जिल्हा दूध संघ १९४६ सालीं उत्पादकांनीं स्वतः स्थापिला. आधीं गांवोगांव दूध गोळा होऊं लागलें, हिशेब चोख राहूं लागला. त्यानंतर युनिसेफ व न्यूझीलंड सरकार ह्यांच्या साह्यानें १९५५ सालीं तेथें भुकटीचा कारखाना उभा राहिला. १९७० पासून युरोपांतील राष्ट्रांच्या आर्थिक संघानें दुधाची भुकटी व लोण्याचें तेल भेट दिलें. तें फुकट न वांटतां त्याचें दूध करून मोठ्या शहरांत विकलें, आणि आलेला पैसा नव्या दूध संघांच्या उभारणीस लाविला. फुकट वांटलें असतें, तर आपल्याच गवळ्याचा भाव पडला असता. साह्य परकी होतें, परंतु लगाम उत्पादकांच्या हातीं होता.

महसूल खात्यांत कारकुनी करितांना मीं अनेक संस्थांचीं दप्तरें पाहिलीं. एका गांवीं धान्य चाळण्याचें नवें यंत्र गोदामांत कुलूपबंद होतें. सभासदांची यादी लांबलचक, पण सभेस चार माणसें. अनुदान आलें म्हणून संस्था निघाली होती. संस्थेस गरज पडली म्हणून अनुदान आलें नव्हतें. पुढील वर्षीं तिचा फलकही दिसला नाहीं.

कायद्यानें उत्पादक कंपनीचा सभासद उत्पादकच असावा लागतो, आणि सर्व सभासद व्यक्ति असतील तेथें भाग कितीही असले तरी प्रत्येकास एकच मत असतें. हें मत वापरावें. भाग भरण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या. पहिली, सभासदांचें स्वतःचें भांडवल किती जमलें? दुसरी, अनुदान येण्यापूर्वीं एका हंगामाचा तरी माल एकत्र विकला काय? तिसरी, अनुदान थांबल्यावर व्यवस्थापकाचा पगार व यंत्राची दुरुस्ती कशांतून होणार?

ह्यांचीं उत्तरें समाधानकारक मिळाल्यास परक्या पैशाचा संकोच नको. अवश्य घ्यावा, आणि यंत्र, गोदाम अशा टिकाऊ कामीं लावावा. उत्तरें न मिळाल्यास घाई करूं नये. सोयाबीन घरीं येण्यास अवकाश आहे तोंवर गांवांत एक बैठक घेऊन दहा-वीस घरांचा माल एकत्र विकून पाहावा. शेजाऱ्याच्या बैलावर एखादी पेरणी साधते. सालोसालची शेती साधत नाहीं.