उरलं ते सगळ्यांच्या ताटात



आपल्या सटाण्याचं दैवत म्हणजे देवमामलेदार. यशवंत महादेव भोसेकर इथे मामलेदार होते. 1870-71 च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्या लोकांसाठी खुला केला, म्हणून लोकांनी त्यांना देव मानलं. पुढे 1972 च्या दुष्काळात आपल्या सासवांनी, आजेसासवांनी खडी फोडली, लाल मिलोच्या भाकरी थापल्या. अन्नाची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको.

तरीही अन्न वाया जातं. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 साली जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं साठ टक्के घराघरांतून. आपल्या घरात ते दोन ठिकाणी जातं. एक साठवणीत, दुसरं शिजवल्यावर.

आधी साठवणीचं बघू. बाजरीत तेलाचा अंश जास्त असतो, म्हणून तिचं पीठ लवकर कडू होतं. एकदम पायलीभर दळून ठेवू नका, आठवड्यापुरतंच दळा. गहू कोठीत भरण्याआधी कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला की वाळला असं समजा. पण तापलेला दाणा लगेच भरू नका. त्याला कोठीत घाम सुटतो आणि ओल आली की कीड आलीच. रात्रभर निवू द्या, मग भरा. जुनं धान्य आधी संपवा, नवं त्यावर ओतू नका.

धान्यात घालायच्या विषारी गोळ्यांबद्दल एक कळकळीची विनंती. त्यांतून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो आणि त्यावर उतारा नाही. ज्या घरात माणसं झोपतात, त्या घरात त्या गोळ्या नकोतच.

आता कांदा. चाळीत उन्हाळ कांदा भरतो, तसाच घरखर्चाचाही हवेशीर ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. बटाट्याशेजारीही नको, दोन्ही लवकर खराब होतात. आठवड्याला एकदा हात फिरवा. नासका एक असेल तर तो शेजारच्या चारांना नासवतो. कोंब आलेला कांदा खायला चालतो, तो आधी वापरा. हिरवा पडलेला, कोंब फुटलेला बटाटा मात्र नको, त्यात विषारी द्रव्य वाढतं.

तडकलेलं डाळिंब बाजारात जात नाही. आतून चांगलं असेल तर त्याच दिवशी दाणे सोडवा. रस काढा किंवा स्वच्छ कापड झाकून उन्हात वाळवा. आमटी-भाजीला आंबटपणा आणायला ते दाणे वर्षभर कामी येतात.

बुरशी लागलेले शेंगदाणे किंवा मका मात्र वाचवायला जाऊ नका. काही बुरशींचं विष यकृत खराब करतं, आणि ते भाजूनही जात नाही. गाईम्हशीला घातलं तर दुधातून परत आपल्याच लेकरांच्या पोटात येतं.

आता शिजवलेल्याचं. सगळ्यात जपायचं ते भाताला. भातातले काही जंतू शिजवूनही जिवंत राहतात. भात उबेला तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा गरम करून मरत नाही, आणि वासही दरवेळी येतो असं नाही. म्हणून भात उरला तर पसरट ताटात लवकर निववा आणि फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी फोडणी द्या किंवा थालीपिठाच्या पिठात मळा. फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात भात मोजूनच टाका.

भाकरी कोरडी असते, म्हणून ती टिकते. सकाळी कुस्करून कांदा, मिरची, शेंगदाण्याची फोडणी द्या, नाहीतर ताकात भिजवा. घट्ट वरण उरलं तर त्याच दिवशी रात्री त्यात कणकेची फळं सोडा. दही आंबलं तर कढी. मुळ्याचा पाला, कोथिंबिरीचे देठ, कोवळी फ्लॉवरची पानं फेकू नका. पाल्याची भाजी होते, देठांची चटणी होते. सालं, देठं, नासकं-बुरसटलं सगळं खतखड्ड्यात.

आणि आता खरी गोष्ट. हे उरलेलं खातं कोण? बहुतेक घरांत आपणच. सगळ्यांची ताटं झाल्यावर तळाची भाजी, कालची भाकरी आणि 'टाकायचं कशाला' म्हणून खाल्लेला वास येणारा भात. पोरांना ताजं, नवऱ्याला ताजं, शिळं बाईला. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. त्याची कारणं अनेक आहेत. पण शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात डाळ नि भाजी उरत नाही, हेही त्यातलं एक.

अन्न वाचवायचं म्हणजे बाईचं पोट उकिरडा करायचं नाही. जे खाण्याजोगं आहे ते सगळ्यांच्या ताटात थोडं थोडं वाढा. फोडणीची भाकरी सासऱ्यांनाही द्या, लेकालाही द्या. जे खाण्याजोगं नाही ते कुणीच खायचं नाही, आपणही नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला तर आधी ताजं वाढा.

पुढच्या बैठकीपर्यंत गटातल्या प्रत्येकीने एक करा. सात दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहा: काय उरलं, किती उरलं, कुणी खाल्लं. लिहिता येत नसेल तर पोरांना सांगा. आठव्या दिवशी सगळ्याजणी मिळून वाचा. रोज दोन भाकरी उरत असतील तर दोन कमी थापा. पीठ वाचेल, सरपण वाचेल. आणि 'कुणी खाल्लं' या रकान्यात रोज एकाच बाईचं नाव असेल, तर तेवढं कॅलेंडर घरातल्या सगळ्यांना दाखवा.