पात्र मेलं, पुढे काय?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळाच्या २०१४ च्या नियमांत जीवबिंदू शून्यावर आले की पात्र सहसा बेशुद्ध पडतं. मग दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकायचा. १० किंवा जास्त तीनदा पडले तर जीव वाचतो. त्याआधी तीनदा कमी पडले तर मृत्यू. काही गट मृत्यूऐवजी कायमची जखम देतात. मला हाच घरगुती नियम पटतो. मेहनतीने घडवलेलं पात्र तीन फाशांत जाऊ नये. आपल्या हुतुतूतही असे भेद होते. संजीवनीत बाद गडी परत येई, गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे, अमरमध्ये मैदानातच राही. स्वारगेटहून शेवटची एसटी गाठायला कोणी मध्येच उठलं, तर त्याच्या पात्राला त्या दिवशी अभय द्या. आणि हे सगळं पहिल्या डावाआधीच ठरवा.